तळघराच्या जिन्यावरचे दिवे

प्रिय रिस्तो,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "बघते" एवढंच म्हणाले आणि ठेवला. तू ते "हो" असं धरून चालला असशील. लहानपणापासून माझं "बघते" हे तुझ्या कानाला "हो"च ऐकू येत आलंय, आणि बहुतेक वेळा शेवटी ते तसंच ठरलं, म्हणून त्यात तुझ्या एकट्याचा दोष नाही. पण फोनवर मला जे बोलायचं असतं ते तुझ्या हसण्याखाली दबून जातं. तेव्हा लिहिते आहे. घरी गेल्यावर, बसून वाच. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना एका डोळ्याने वाचू नकोस.

इकडे थंडर बेमध्ये सरोवरावरचा बर्फ अजून फुटलेला नाही. ताइमीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती कुबडी घेऊन चर्चला येते आणि सगळ्यांना गुडघ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगते. माझी हॅलिफॅक्सची नात बसायला लागली आहे. इसांचं, आपल्या बापाचं, घर घेणारं जोडपं रविवारी पुन्हा येऊन गेलं. त्यातली मुलगी गरोदर आहे. स्वयंपाकघरात उभी राहून तिने दिवे लावले आणि नवऱ्याला म्हणाली, "किती छान उजेड आहे इथे." स्वयंपाकघरात उजेड छानच आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत इसांच्या डोळ्यांचं निदान झालं. मधली नजर जाणार, कडेची राहील, असं डॉक्टर म्हणाले. ज्याच्याकडे बघावं तिथे डाग, आणि डागाच्या भोवतीने जग. मी तुला फोन लावला तेव्हा इसा समोरच बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. तू म्हणालास, "मग आता एखादी चांगली जागा बघू या. तिथे माणसं असतात सांभाळायला, जेवण वेळेवर मिळतं. तिथेही साउना असेल बघ." तू वाईट हेतूने बोलला नाहीस. पण इसा उठले, भिंतीला हात लावत तळघरात उतरले आणि न तापवलेल्या साउनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, जाऊन बसले. मी खाली गेले तर अंगातला कोट तसाच, हात मांडीवर. म्हणाले, "हेल्मी, तू आयुष्यभर पोरांना वायरिंग शिकवलंस. मला या घरात दिसेल असं काहीतरी कर. मी इथून जाणार नाही."

रिस्तो, त्या वसंतात मी जे केलं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटलं मी कागदावर चार रेघा ओढत बसले होते. मी इसांना घेऊन घरभर फिरत होते. छतातल्या दिव्याने त्यांचे डोळे दिपायचे आणि डाग आणखी पसरायचा, म्हणून उजेड खालून आणि बाजूने यायला हवा होता. दिवा स्वतः दिसता कामा नये, दिसावी ती वस्तू. मी एलईडीची एक पट्टी बॅटरीला जोडून हातात धरायचे आणि इसा सांगायचे, "थोडं मागे. आणखी खाली. हां, इथे." तिथे भिंतीवर मी निळी चिकटपट्टी लावायचे. स्वयंपाकघरात ते टेबलाशी माशाचं सूप घेऊन बसले, मी कपाटाखाली पट्टी सरकवत राहिले, आणि एका जागी ते म्हणाले, "आता काटे दिसतात." त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी या घरात तुझ्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. थट्टा करत नाही. मी पाच वर्षांची होते, मला आठवतंय.

आणि ते बोलायला लागले. मला माहीत असलेले इसा हवामानावर आणि गाडीच्या टायरवर बोलायचे. पण हातात चिकटपट्टीचं रीळ धरून पायरीवर बसलेला म्हातारा बोलत सुटला. आपली आई, आपली आइती, या देशात आली तेव्हा पहिला हिवाळाभर कशी रडायची, आणि रडताना लोकरीचे मोजे कसे विणत राहायची, ते सांगितलं. मी कागदाच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागले तेव्हा त्यांनी कोणालाच का सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. मला वाटत होतं त्यांना लाज वाटली असेल. म्हणाले, "लाज कसली? भीती होती. तू विजेला चिकटून मरशील आणि लोक म्हणतील बापाने कशी जाऊ दिली." हे ऐकायला मी जवळजवळ चाळीस वर्षं थांबले होते असं मला वाटलं, आणि मी थांबले होते हेही मला तेव्हाच कळलं.

मग मी आराखडा केला. तुला हे वाचायचा कंटाळा येईल, तरी वाच. कमी व्होल्टेजचे दिवे सुरक्षित असतात, शॉक बसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की त्यांची वायर कशीही टाकली तरी चालते. उलट आहे. घरातल्या मोठ्या दाबाच्या विजेला लांबचा पल्ला जाणवत नाही. ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवलेल्या विजेत मुळातच जोर थोडा असतो. वायर लांब आणि बारीक असली की तो वाटेतच खर्च होतो, आणि शेवटच्या दिव्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला. म्हणून मी बारा व्होल्टऐवजी चोवीस घेतले. ट्रान्सफॉर्मर दोन, एक स्वयंपाकघरासाठी आणि एक तळघराच्या जिन्याच्या अगदी तोंडाशी. दर जागेला तिची स्वतःची जाड वायर, एकातून पुढे दुसरी ओढायची नाही. ट्रान्सफॉर्मर भिंतीत पुरायचे नाहीत, हात घालता येईल अशा झडपेमागे ठेवायचे. सगळ्यात जास्त विचार मी जिन्याचा केला होता. दर पायरीच्या पुढे आलेल्या कडेखाली पट्टी, आणि सगळ्यात खालच्या पायरीला थोडी जास्तच, कारण ती आणि तळघराची फरशी एकाच राखाडी रंगाची. इसांच्या कडेच्या नजरेला तिथे पायरी संपली की नाही ते कळायचं नाही. दर शनिवारी ते साउनासाठी उतरणार, हे मी धरून चालले होते. ते त्यांनी सोडलं नसतंच.

जुलैत मी भिंती जिथे हव्यात तिथे उघडल्या. वायर मागवली. तेवढ्यात पोरीचे दिवस भरत आले आणि मला हॅलिफॅक्सला जावं लागलं. इसांना म्हणाले, आल्यावर पूर्ण करते, तोवर धूळ सोसा. ते म्हणाले, "जा. धुळीने कोण मरतं?" आणि मी विमानात बसल्यावर त्यांनी तुला फोन केला.

त्यांनी तुला काय सांगितलं ते मला तुझ्याकडूनच कळलं. भिंती उघड्या पडल्यात, हेल्मी फार वेळ लावते, तू कॅल्गरीला रोज किचनं बसवतोस, तुला तर दिव्यांचं सगळं कळतं. आणि तू आलास. तो तुझा मोठेपणा होता, मी नाकारत नाही. दुकानातलं सामान गाडीत भरून, दोन प्रांत ओलांडून, लांब सुट्टी गाठून आलास. किचनच्या कपाटांखाली तुम्ही जी वायर लावता ती आणलीस, केसासारखी बारीक. कपाटाला ती पुरते, वीतभर तर जायचं असतं. तू तीच घरभर फिरवलीस. एक ट्रान्सफॉर्मर, बारा व्होल्टचा, स्वयंपाकघरातल्या कपाटावर. तिथून कपाटाखालची पट्टी, तिच्यातून बोळ, बोळातून न्हाणीघर, न्हाणीघरातून तळघराचा जिना. माळ ओवल्यासारखी. मग भिंती बंद केल्यास, लांबी भरलीस, रंगही दिलास. माझी जाड वायर गराजमध्ये रिळावर तशीच राहिली. तिच्यावर तू तुझा ओला ब्रश ठेवला होतास.

मी परत आले तर इसांनी दारातच मला थांबवलं. "डोळे मीट," म्हणाले. माझा हात धरून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि बटण दाबलं. "बघ. रिस्तोने केलं. एका सुट्टीत उरकलं." वेलदोड्याचा गोड पाव, पुल्ला, कापून ठेवला होता, कॉफी तयार होती. मी म्हणाले, छान. काय म्हणणार होते? मग एकटी जिन्याशी गेले. वरच्या पायऱ्या ठीक होत्या. खाली जावं तसा उजेड मलूल होत गेला होता, आणि शेवटच्या पायरीशी तर नुसती पिवळट राख. मीटर लावायची गरज नव्हती, तरी लावला. घरभरचे दिवे चालू असले की त्या टोकाला जवळजवळ काही उरतच नव्हतं.

मी इसांना सांगितलं. समजावून सांगितलं, चिडून नाही. म्हटलं, खालून एक वेगळी वायर ओढते, भिंत फक्त एका जागी उघडावी लागेल, रंग मी देईन. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, ती नकाराची होती हे मला उशिरा कळलं. "मला दिसतंय की," म्हणाले. मी म्हटलं, "इसा, नाही दिसत. तुम्ही कठड्याला धरून पायाने चाचपता, मी पाहिलंय." तर म्हणाले, "पोरगा एवढ्या लांबून आला. हाताने केलं. आता ते तोडलं तर त्याला काय सांगू?" मी म्हटलं, त्याला काही सांगू नका. "तो ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला येणार आहे. त्याला दिसेल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्याने माझ्यासाठी आजवर काही हाताने केलं नव्हतं, हेल्मी."

मी केलं होतं, रिस्तो. छप्पर केलं होतं, साउनाची भट्टी बदलली होती, आइती अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं केलं होतं. ते मोजायचं नसतं हे मला कळतं. पण त्या दिवशी त्या बोळात मला एवढंच दिसलं की मी केलेलं या घरात पाण्यासारखं आहे, नळ सोडला की येतं, आणि तू केलेलं म्हणजे सण.

मी बॅटरीवरचा एक दिवा आणून शेवटच्या पायरीला चिकटवला. कुरूप होता, पण उजेड द्यायचा. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी इसांनी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला. तुला वाईट वाटू नये म्हणून. तू आलास, टर्की कापलीस, दिव्यांचं कौतुक ऐकलंस, गेलास. मी दिवा परत लावला. त्यांनी परत काढला. "सवय झाली मला," म्हणाले, आणि त्यावरून आमचं असं भांडण झालं की पुढचे दोन शनिवार मी साउनाला गेले नाही. मग गेले, पण दिव्याचा विषय कोणी काढला नाही.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे दुपारची कॉफी झाल्यावर पोचले. बाहेर अंधारून आलं होतं. घरातले सगळे दिवे चालू होते, मी येणार म्हणून त्यांनी लावले होते. इसा जिन्याच्या तळाशी कुशीवर पडले होते, खांद्यावर टॉवेल, एक पाय नको तसा वळलेला. साउना तापून तयार होता, लाकडाचा वास वरपर्यंत येत होता. मला बघून म्हणाले, "कॉफी घेतलीस का?" मी म्हटलं, "घेते नंतर." ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी फरशीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ते थरथरत होते, तरी मला सांगत होते की भट्टीत आणखी लाकूड घालू नकोस, वाया जाईल.

पुढचं तुला माहीत आहे. कंबरेचं हाड, ऑपरेशन, मग छातीत कफ. तू आलास, आठवडाभर राहिलास, दुकानासाठी परत गेलास. ते गेले तेव्हा खोलीत मी होते. तू नव्हतास याचा राग मला नाही, खरंच नाही, मरण कोणाच्या विमानाची वेळ बघून येत नाही. राग दुसरा आहे. दफनानंतर चर्चच्या तळमजल्यावर कॉफी चालू होती, मी ताटल्या उचलत होते, आणि तुझी माझ्याकडे पाठ होती. ताइमीने तुला विचारलं, "एवढे दिवे लावले होते ना रे घरात? मग पडले कसे?" आणि तू म्हणालास, "आराखडा हेल्मीचा होता. मी नुसती वायर ओढली. शिकवणाऱ्यांचं असंच असतं, कागदावर सगळं बरोबर." तू हसलासही थोडा. दुःखातलं हसू होतं, मला कळलं. पण ताइमीला कळलं ते वेगळंच, आणि ताइमीला जे कळतं ते साऱ्या गावाला कळतं. फेब्रुवारीत कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला सांत्वनाला म्हणून फोन केला. म्हणाला, "चूक कोणाच्याही हातून होते, हेल्मी. स्वतःला लावून घेऊ नकोस." मी त्याला धन्यवाद दिले. मी त्याला धन्यवाद दिले, रिस्तो. मग फोन ठेवून हातमोजे न घालता अंगणातला बर्फ उपसायला गेले.

तू मला तेव्हा दोनदा विचारलं होतंस की इसा शेवटी काय बोलले, आणि मी दोन्ही वेळा म्हणाले, विशेष काही नाही. आता सांगते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स पडदा सारून गेली आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "खालची पायरी दिसली नाही. मला वाटलं फरशी आली." मग म्हणाले, "रिस्तोला हे सांगायचं नाही. त्याला सांग, टॉवेल पायात आला." मी म्हटलं, "इसा, लोक म्हणतील दिवे माझे होते." त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "म्हणू देत. तू सोसशील. त्याला नाही जमायचं, तो मोडून जाईल." आणि माझ्याकडून शब्द घेतला. मरणाऱ्या माणसाने हात धरून मागितलेला शब्द कसा नाकारतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून दिला. हिवाळाभर पाळला. ताइमीसमोर पाळला, त्या सहकाऱ्यासमोर पाळला. परवा तू फोनवर हसत म्हणालास की घर घेणाऱ्यांना वायरिंग कोणी केलं ते लेखी हवंय, तर हेल्मी, तू तुझं नाव टाकून सही करून दे, तुझ्या नावाला वजन आहे, आणि तसाही आराखडा तुझाच होता. तर रिस्तो, मी सही करणार नाही. रविवारी मी त्या मुलीला जिन्याशी नेलं, सगळे दिवे लावले आणि सांगितलं की हे काम माझं नाही, माझ्या भावाचं आहे, आणि ते चुकलेलं आहे. बाळंत होण्याआधी ही भिंत उघडून घे, कोणाकडून करून घ्यायचं ते मी सांगेन. ती घाबरली, पण तिने घर सोडलेलं नाही. तुला मात्र हे तिच्याकडून कळू नये म्हणून मी लिहायला बसले. इसांना दिलेला शब्द मी मोडला आहे आणि त्याचं मला दुःख आहे. पण त्याहून मोठं दुःख हे की त्यांना आपल्या दोघांपैकी कोणाला वाचवावं हा प्रश्नच पडला नाही. ते म्हणाले, तुला हे पेलणार नाही. मला ते पटत नाही. तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस, तुझ्या हाताखाली माणसं आहेत, मुलं मोठी झाली आहेत. पेल. आणि त्यानंतर कधी मला फोन करावासा वाटला तर कर. मी उचलेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

तुझीच, कारण आता त्या घरचं दुसरं कोणी उरलेलं नाही,

हेल्मी